डमरू छाप काँक्रीट

माझ्या सासूबाई कोणालाही माझी ओळख करून देताना सांगायच्या, "ही आमची सून. हिला फोडायचा पगार मिळतो." समोरच्याचा चेहरा बघून मग त्याच खुलासा करायच्या, "दगड फोडत नाही हो. सिमेंटचे ठोकळे फोडते. मशीनवर. बसून." त्या 'बसून'वर त्यांचा फार भर असे. घरात माझ्या हातून कपबशी फुटली की मात्र म्हणायच्या, "इथं नाही हो मिळत पगार."

त्यांचं काही चुकीचं नव्हतं. पनवेलच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी उभी हयात बांधकामाचं साहित्य तपासण्यात घालवली. प्रयोगशाळा म्हटल्यावर पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या डोळ्यांसमोर येत असतील तर ते चित्र पुसून टाका. नवीन पनवेलच्या एका सेक्टरात दुकानांचे दोन गाळे एकत्र केलेले, मागे पाण्याचा हौद, पुढे वजनकाटा, आणि मधोमध ते मशीन. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा सुटला की खिडक्या लावून घ्यायच्या, आणि मशीन सुरू झालं की शेजारच्या शिंप्यानं शिवण थांबवायची, अशी आमची वहिवाट होती.

काम तसं सोपं. स्लॅब ओतताना त्यातलंच थोडं काँक्रीट काढून लोखंडी साच्यात भरतात. पंधरा सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच असा ठोकळा होतो. त्याला सगळे क्यूब म्हणतात. दुसऱ्या दिवशी साचा उघडायचा, क्यूब पाण्यात बुडवून ठेवायचा, आणि अठ्ठावीस दिवसांनी मशीनच्या दोन पोलादी पाट्यांमध्ये ठेवून फुटेपर्यंत दाबायचा. किती टनाला फुटला ते लिहून द्यायचं. साध्या घराच्या स्लॅबचा क्यूब त्या काळी निदान चौतीस टन तरी सोसायला हवा असे.

यातली 'फुटेपर्यंत' ही गोष्ट लोकांच्या गळी उतरत नसे. एका शाळामास्तरांनी नवं घर बांधायला काढलं होतं. त्यांचा क्यूब बेचाळीस टनाला फुटला. मी म्हटलं, "अभिनंदन, पास." त्यांनी तुकड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, तीस वर्षं मुलांना पास-नापास करतोय. पास झालेल्याची अशी अवस्था कुठं पाहिली नाही."

दुसरे एक वीटभट्टीवाले आले होते. वीट वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून दोरी बांधून आणलेली. वीट पाणी किती पिते हे बघायला ती दिवसभर पाण्यात ठेवतात आणि मग पुन्हा वजन करतात. दुसऱ्या दिवशी ते निकाल न्यायला आले. मी म्हटलं, "निकाल बादलीत आहे." त्यांनी वाकून पाहिलं. बादलीत गढूळ पाणी होतं, वीट नव्हतीच. ते बराच वेळ हात घालून शोधत होते.

मशीन चालवायचे कासमभाई. पनवेलचेच, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, पूर्वी क्रेनवर काम केलेले. मशीनचा दांडा हातात घेताना दर वेळी पुटपुटत, "बिस्मिल्ला." काटा चढायला लागला की डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "मॅडम, आता जाणार." आणि क्यूब जायचा. मी डिप्लोमात जे तीन वर्षं शिकले त्यातलं निम्मं कासमभाईंच्या कानांना माहीत होतं.

आता मुख्य गोष्ट. त्यातली चूक माझी आहे, तेव्हा आधीच कबूल करून टाकते.

क्यूब नीट दाबला गेला तर तो कसाही फुटत नाही. वरची-खालची पोलादी पाटी काँक्रीटला घट्ट धरून ठेवते, चारी बाजू मोकळ्या असतात. म्हणून बाजूंचे कपचे गळून पडतात आणि मधे उरतात टोकाला टोक लावलेले दोन सुळके. अगदी डमरू. उरणच्या वाटेवरच्या एका गावचे काशिनाथ घरत क्यूब घेऊन आले, तेव्हा त्यांचा क्यूब असाच फुटला. सेहेचाळीस टनाला. इतका रेखीव डमरू मी तोवर पाहिला नव्हता. मी खुशीत येऊन बोलून गेले, "वा! असा फुटला म्हणजे काम झकास."

काशिनाथशेटनी डमरू दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी नेला. मला गंमत वाटली. मी अडवलं नाही.

पंधरा दिवसांत त्यांच्या गावातून चार जण क्यूब घेऊन आले. किती टन, हे कोणीच विचारेना. सगळ्यांचा प्रश्न एक, "डमरू पडला का?" काशिनाथशेटनी तो देव्हाऱ्यात ठेवला होता म्हणे. रोज हळदकुंकू, सोमवारी बेल. शंकर स्वतः घरात आलाय, असं गावात झालं. एकाचा क्यूब एका बाजूनं तिरपा फुटला, तर तो दाराशी उकिडवा बसून राहिला. "मॅडम, माज्या घरान काय दोष हाय?" मी म्हटलं, "घरात नाही, साच्यात आहे. साचा वाकडा होता." त्याला ते पटलं नाही. दुसऱ्यानं विचारलं, याहून मोठा डमरू पडेल असं मशीन मुंबईला असतं का.

खरं काय ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं. डमरू पडला म्हणजे क्यूब सरळ ठेवला होता आणि मशीन नीट दाबत होतं, एवढंच. काँक्रीट चांगलं की वाईट, ते डमरू सांगत नाही. भुसभुशीत काँक्रीटचाही डमरू पडतो. पण गिऱ्हाइकं वाढत होती, मालक खूश होते, आणि खरं सांगू का, मला त्या गावात जो मान मिळायला लागला होता तोही आवडत होता. कोणी कोलीम, जवळ्यासारखी बारीक मासळी, आणून देई, कोणी भाजलेले वाल. मी खाल्ले आणि गप्प बसले.

अशात दामाशेट पाटील आले. काशिनाथशेटचे सख्खे मेहुणे. जनाबाय, म्हणजे दामाशेटची बायको, ही काशिनाथची धाकटी बहीण. दामाशेटचं मिठागर होतं, माणूस मिठासारखाच पांढराशुभ्र आणि खडखडीत. मेहुण्याच्या घरात शंकर आला आणि आपल्या नाही, ही गोष्ट त्यांना झोंबली होती. त्यांच्या घराचा स्लॅब ओतून महिना होत आला होता. मुलीचं लग्न अकरा दिवसांवर. लग्न मांडवात, पण हळद नव्या गच्चीवर, असा बेत.

"दीडशे मानसं नाचतील, मॅडमबाय," ते म्हणाले. "बँजो सांगितलाय. आमचे हळदीला कोन बसून नाय राहत."

त्यांनी तीन क्यूब टेबलावर ठेवले, आणि महिन्याभरापूर्वी आमच्याकडून नेलेले तीन रिकामे साचेही परत केले. कासमभाईंनी पहिला क्यूब मशीनमध्ये ठेवला. "बिस्मिल्ला." मी काट्याकडे बघत बसले. नऊ टनावर कासमभाईंनी डोळे उघडले. "मॅडम, गेला."

"एवढ्यात कसा जाईल?"

"आवाजच नाही केला. पेढ्यासारखा गेला."

दुसरा दहा टनाला गेला, तिसरा अकराला. चौतीसच्या जागी. आणि तिन्ही वेळा, कपचे बाजूला केल्यावर, मधे कसा सुबक, आखीवरेखीव डमरू!

दामाशेटनी टाळीच वाजवली. "तीन! मेव्हन्याचे घरान एकच हाय!"

मी त्यांना समजावलं, की हे काँक्रीट नापास आहे, स्लॅब असाच असेल तर त्यावर दीडशे काय, पंधरा माणसांनीही नाचता कामा नये. खालचे टेकू काढू नका. हळद दुसरीकडे करा.

दामाशेट शांतपणे म्हणाले, "तुमीच बोल्ल्या व्हत्या ना काशिनाथला? असा फुटला म्हंजे काम झकास. अख्खा गाव सांगतो. त्याचा फुटला तवा झकास, नि माजा फुटला तवा नापास?"

माझेच शब्द माझ्यासमोर आणून ठेवलेले. दामाशेटनी तिन्ही डमरू टोपलीत भरले आणि निघून गेले. जाताना सांगून गेले, "परवा टेकू काढतो."

मी डोक्याला हात लावून बसले. आत कासमभाई साचे धुवायला घेत होते. तिथून हाक आली, "मॅडम, जरा इकडे या. मामला गडबड आहे."

साच्याच्या कोपऱ्यांत मुंग्या होत्या. एकदोन नाहीत, रांग. हौदापासून भिंतीनं येऊन थेट साच्यात. साच्याला आतून तेल लावतात, काँक्रीट चिकटू नये म्हणून. मशीनचं काळं तेल. कासमभाईंनी बोट फिरवून वास घेतला. "इंजिन ऑइलला मुंग्या लागत नाहीत. हे साजूक तूप आहे. आणि हे बघा," त्यांनी सांध्यातून काहीतरी पिवळट, चिकट खरवडून काढलं, "मध."

तूप, मध. पुढचं माझं मीच जुळवलं. काँक्रीटचा सगळ्यात मोठा वैरी कोण, तर साखर. चिमूटभर साखर पडली की सिमेंट घट्ट व्हायचंच विसरतं. वाटीभर पडली तर विचारायलाच नको. मेहुण्यापेक्षा सरस डमरू पडावा म्हणून दामाशेटनी क्यूबमध्ये चक्क पंचामृत घातलं होतं.

मला इतका आनंद झाला की मी कासमभाईंचा हात हातात घेतला. क्यूब गोड होते, स्लॅब चांगला असू शकतो! कासमभाईंनी माझा उत्साह थोडा ओसरू दिला आणि विचारलं, "आणि स्लॅबमध्ये नसेल घातलं कशावरून?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रिक्षा करून गावात गेलो. दामाशेट अंगणात बसले होते, तिन्ही डमरू समोर पाटावर, गळ्यात झेंडूच्या माळा. मी थेट विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"घातला. बामनाला विचारून घातला. दूध, दही, तूप, मध, साखर. काय वाईट घातला?"

"स्लॅबमध्ये?"

"स्लॅबान कला घालू? स्लॅब काय डमरू देनार हाय? फक्त क्यूबान. देवाची शपथ."

मागे दारात जनाबाय उभी होती. शपथ ऐकून ती आत निघून गेली.

शपथेवर स्लॅब पास करता येत नाही. तेव्हा एकच उपाय होता. क्यूब हा स्लॅबचा साक्षीदार. साक्षीदार फितूर निघाला तर खुद्द आरोपीलाच उभं करायचं. टेकू काढून स्लॅबवर माणसांच्या वजनाहून जास्त वजन ठेवायचं, एक दिवस तसंच राहू द्यायचं, आणि खालून तबकडीच्या काट्यावर बघायचं तो किती वाकतो. मग वजन काढायचं. चांगला स्लॅब वाकला तरी पुन्हा जवळजवळ पहिल्या जागी येतो. वाईट असेल तर वाकलेलाच राहतो, किंवा खाली येतो.

"एवढं वजन कुठून आणू?" मी स्वतःशीच म्हणाले. सहसा वाळूची पोती वापरतात.

दामाशेट पहिल्यांदा हसले. "मॅडमबाय, मिठागरवाल्याला वजन विचारता?"

दोन दिवसांनी सकाळी टेंपो भरभरून मीठ आलं. टेकू काढले, पण स्लॅबखाली बोटभर फट ठेवून पुन्हा उभे केले, न जाणो स्लॅब आलाच तर झेलायला. दामाशेटचे भाऊबंद पोती वाहायला लागले. सगळा गाव जमला. काशिनाथशेट आपला डमरू घेऊन आले आणि समोरच्या ओट्यावर तो मांडून बसले. मेहुण्याचा स्लॅब उभा राहावा असं त्यांना वाटत होतं की पडावा असं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मला वाटतं त्यांनाही कळत नसावं.

पहिली दहा-पंधरा पोती चढली असतील, तेवढ्यात कोणीतरी माझा पदर ओढला. जनाबाय. तिनं मला घराच्या मागे नेलं.

"बाय, तू कोनाला बोलू नको. मी पन घातला."

"काय घातलंस?"

"पंचामृत. स्लॅबान. एक तांब्या. त्यांनी सगला त्या ठोकल्यांना घातला, नि घराला काय नाय. घर कोनाचा हाय? आमी ऱ्हानार घरान, नि पंचामृत ठोकल्याला? बरा दिसतो काय?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माजी पोर नाचनार हाय गो त्याच्यावर."

मी ओरडून पोती थांबवली. मग तिचा हात धरून विचारलं, "एकदम ओतलंस की थोडं थोडं? मिक्सरमध्ये ओतलंस की कुठं?"

"मिक्सरवर सगली मानसं व्हती. एक बाय घमेला घेऊन चालली व्हती, तिच्या घमेल्यान ओतला. नि सांगितला, ते कोपऱ्यान टाक, जिथं देव्हारा येनार."

तिला तिथंच मिठी मारावीशी वाटली. एका घमेल्यात! म्हणजे सगळं पाप एका घमेलाभर जागेत होतं.

कासमभाई हातोडी घेऊन वर चढले. गच्चीच्या त्या कोपऱ्यात बसून टकटक करत सरकू लागले, डोळे मिटून. टण. टण. टण. खाली सगळा गाव मान वर करून गप्प. टण. टण. मग, बद्द.

"मिळालं, मॅडम."

छिन्नीची गरजच पडली नाही. कासमभाईंनी खुरपं घेऊन खरवडायला सुरुवात केली आणि ताटाएवढं काँक्रीट ओल्या गुळासारखं निघून आलं. शेवटचं ढेकूळ खालच्या खोलीत पडलं आणि देव्हाऱ्याच्या जागेवर वरून ऊन आलं. सळया तेवढ्या आडव्या-उभ्या दिसत होत्या. आजूबाजूला हातोडी मारली तर सगळीकडे टण.

दामाशेटनी भोकातून खाली बघितलं. खाली जनाबाय उभी होती. दोघांनी एकमेकांकडे त्या भोकातून बघितलं.

"तू पन?" ते म्हणाले.

"तुमी घातलाव तो चालतो," ती खालून म्हणाली.

भोक कोपऱ्यात होतं, लगत दोन बाजूंनी तुळया होत्या, बाकी स्लॅबला त्याची बाधा नव्हती. मी पोती पुन्हा सुरू करायला सांगितलं. चारशेच्या वर पोती चढली. काटा एक मिलिमीटर सरकला, दीड, दोनच्या जरासा वर गेला आणि थांबला. मी त्या दिवशी जेवले नाही. जनाबायही जेवली नाही. ती दर तासाला येऊन विचारायची, "काय बोलतो?" आणि मी म्हणायची, "थांबलाय."

दुसऱ्या दिवशी पोती उतरवली. मी तबकडीसमोर मांडी घालून बसले. दहा वर्षं मी काटा पुढे जाताना बघत आले होते. मागे येताना पहिल्यांदाच बघत होते. तो हळूहळू आला. दीड. एक. अर्धा. अर्ध्याच्याही खाली येऊन शून्याच्या जवळ टेकला. कासमभाई माझ्यामागे पुटपुटले, "अल्हमदुलिल्ला." मी मागे वळून सांगायच्या आत जनाबायला कळलं होतं. तिनं जोरात रडायलाच सुरुवात केली, तर बाहेरच्या लोकांना वाटलं स्लॅब गेला, आणि दोघं जण पळत सुटले.

भोक बुजवलं. या वेळी मी स्वतः तिथं उभी राहिले आणि प्रत्येक घमेल्याचा वास घेतला. अहवालात क्यूबचे आकडे खरे तेच लिहिले, नऊ, दहा, अकरा. 'शेरा' या रकान्यात लिहिलं, "नमुन्यात पंचामृत. प्रत्यक्ष स्लॅबची भार-चाचणी समाधानकारक." मालकांचा मुंबईहून फोन आला, की टायपिस्टनं काय घोळ घातलाय. मी म्हटलं, तिनं बरोबर टाइप केलंय. गावात जाऊन काशिनाथशेटसकट सगळ्यांना बसवून डमरूचं खरंही सांगितलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. काशिनाथशेटनी शेवटी विचारलं, "म्हंजे तो मशीन सरल हाय, त्याचा पुरावा?" मी म्हटलं, हो. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या मशीनला घालायला हार पाठवला.

हळदीला आम्हा दोघांना आमंत्रण होतं. मी गेले आणि गच्चीच्या कडेला, बरोबर तुळईवर, उभी राहिले. दीडशे सांगितली होती, दोनशेच्या वर माणसं होती. मी मोजत होते. बँजोवाल्यानं ताल धरला, सगळे एकदम उडाले, आणि मी डोळे मिटून कासमभाईंसारखं ऐकत राहिले. जनाबायची मुलगी हळदीनं पिवळीधमक होऊन मधोमध नाचत होती. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गाऊन दमली, दम घेऊन पुन्हा गायला लागली, आणि लग्नाला हातभार लावणाऱ्यांची नावं घेता घेता मधेच गायली की फोडणारी बाय आली, तिनं घर नाय फोडला. सगळे हसले. जनाबायनं येऊन माझं मनगट धरलं.

"तू कडेला कला उभी? तूच बोल्ली ना चांगला हाय?"

मग मी मधोमध गेले आणि नाचले. नाचता येत नाही मला.

नंतर आणखी पुष्कळ वर्षं नोकरी केली. हजारो क्यूब, विटा, सळया माझ्या हाताखालून गेल्या आणि पास असोत की नापास, त्यांतलं काहीच शाबूत राहिलं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या नावावर काय काय फुटलंय याची यादी त्यांना तोंडपाठ होती. दामाशेटच्या घरावर आता आणखी एक मजला आहे. मागच्या वर्षी त्या बाजूला गेले होते, तर देव्हाऱ्याच्या वर छताला तो बुजवलेला गोल अजून वेगळा दिसतो. जनाबायनं त्याला हळदकुंकू लावलं होतं. मी स्टुलावर चढून बोटाच्या पेरानं तिथं टकटक केली.

टण.